पर्सा कोण सांभाळणार?

नालासोपाऱ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र लहानसेच आहे. सोसायटीतल्या बायका एका शनिवार-रविवारी खोपोलीच्या इमॅजिकाला जायचे म्हणताहेत आणि यादीत यांचेही नाव आहे. वय त्रेचाळीस. यजमान हसून म्हणाले, "या वयात पाळण्यात बसणार? बस हो, आम्ही खाली चादर धरून उभे राहू." बाई लिहितात, "ताई, मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायची मला फार इच्छा आहे आणि भीतीही तेवढीच आहे. बसू की नको? आणि काय नेसावे, काय खावे, तेही लिहा."

एरवी या पानावर मी लोणच्याला बुरशी का येते आणि गादीचे ढेकूण कसे घालवावेत, हे लिहिते. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारलात तो अगदी योग्य ठिकाणी. कारण तुमची ही ताई पाळणेवेडी आहे. एकटी नव्हे, वसई ते विरारपर्यंतच्या आम्ही नऊजणी आहोत. मूळची आमची भिशी. काहीजणी लोकलच्या डब्यातल्या, काही शेजारच्या, दोघी एकाच घरातल्या जावा. भिशीतून दरमहा थोडे बाजूला काढायचे आणि वर्षातून एकदा कुठेतरी वर-खाली होऊन यायचे, असा आमचा नेम आहे.

याची सुरुवात निर्मळच्या जत्रेत झाली. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळला केवढी जत्रा भरते ते वसईकरांना सांगायला नको. तिथे त्या वर्षी कोलंबस नावाची बोट आली होती, हेलकावे खाणारी. आम्ही सुकेळी घेऊन परतत होतो. आमच्यातली सगळ्यात धाकटी, त्या जावांपैकी लहान जाऊ, एकदम म्हणाली, "मी बसणार." आणि गेली की बसायला! ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता की आम्ही आठजणींनी मुकाट्याने तिकिटे काढली. तेव्हापासून ती आमची म्होरकी.

तुम्ही म्हणाल, बायकांनी हे काय खूळ घेतले! अहो, अमेरिकेत अशा लोकांची रीतसर संघटना आहे, १९७८ पासूनची. अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स असे तिचे नाव. तिचे सभासद नुसते पाळण्यात बसण्यासाठी गावोगाव हिंडतात. मूळ खेळ रशियातला. तिथे थंडीत लाकडी उतारांवर बर्फ गोठवून लोक त्यावरून घसरत. पुढे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत बसता येईल अशी गाडी सुरू झाली. तिचा वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपली सायकलसुद्धा तिला मागे टाकील. तरी लोकांनी रांगा लावल्या.

आपल्याकडे दिल्लीला १९८४ मध्ये अप्पू घर निघाले आणि १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड. दोन्ही आता बंद झाली. एस्सेल वर्ल्डची टीव्हीवरची जाहिरात मात्र अजून तुमच्या कानात असेल. बोरिवलीहून गोराईच्या होडीत बसून मी मुलांना तिथे किती वेळा नेले असेन! आणि मैत्रिणींनो, खरे सांगते, त्या सगळ्या खेपांत मी एकाही मोठ्या पाळण्यात बसले नाही. मी काय केले? पर्स सांभाळली. माझी पर्स, नणंदेची पर्स, मुलांच्या चपला, ह्यांचा चष्मा, पाण्याच्या बाटल्या, ओले टॉवेल. बाकावर बसून मान वर करून पाहायचे आणि ते खाली आले की विचारायचे, "मजा आली का रे?" त्या बाकांवर माझ्यासारख्या बायकाच बायका असत. प्रत्येकीच्या मांडीवर चार-चार पिशव्या. कुणी आमच्यावर सक्ती केली नव्हती. आम्हीच म्हणत होतो, "तुम्ही जा, मी बसते इथे."

हे एवढे लांबण लावले, कारण पुढे माझ्या हातून जे झाले त्याचे मूळ त्या बाकात आहे.

तर गेल्या खेपेस आमचे इमॅजिका ठरले. २०१३ पासून ते सुरू आहे, खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर. आता पाली म्हटले की तुमच्या लक्षात आले असेल. अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर पालीला आणि वरदविनायक खोपोलीच्या अलीकडे महडला. म्हणजे दोन गणपतींच्या मधोमध हे पाळणे! आम्ही घरोघरी सांगितले, "महड-पाली करून येतो." खोटे मुळीच नव्हे, दोन्ही केले. मधले तेवढे सांगितले नाही. माझ्या सासूबाईंनी प्रसादासाठी डबासुद्धा दिला. त्या नव्वदीच्या आहेत, पण त्यांना काही कळले नसेल असे मला वाटत नाही, निघताना म्हणाल्या, "केस घट्ट बांध हो."

शनिवारी पहाटे सतरा सीटांची गाडी करून निघालो. वर्सोव्याच्या पुलापाशी नेहमीप्रमाणे खोळंबा, घोडबंदरला पुन्हा खोळंबा. महडला दर्शन घेतले, तिथेच बाहेर न्याहारी केली. न्याहारीच्या वेळी धाकटीने चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मी पाहिले. मला वाटले, गाडी लागली असेल. आमच्यातल्या काकूंनीही पाहिले. काकू आमच्यात वडील, एकसष्टच्या, बायपास झालेल्या. त्या पाळण्यात बसत नाहीत, पण एकही सहल चुकवत नाहीत. त्यांना काय वाटले ते त्या वेळी त्या बोलल्या नाहीत.

इमॅजिकात पुष्कळ काही आहे, पण आम्ही गेलो होतो नायट्रोसाठी. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीने केलेला हा रोलर कोस्टर सुमारे चाळीस मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची इमारत समजा. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटापालटा होतो. याच्या गाडीला तळच नाही. तुम्ही बसलात, खांद्यावरून दांडा खाली आला, की पायांखालची फळी सरकते आणि पाय लोंबकळत राहतात. पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते तिथे अक्षरशः कळते.

सुरुवातीचा चढ गाडी साखळीवर चढते. त्या वेळी खाली टक-टक-टक असा आवाज येतो. वसईच्या वाडीत वाढलेल्या बायकांना तो आवाज ओळखीचा आहे. रहाटाचा! बैल थांबला तर भरलेली माळ उलटी फिरू नये म्हणून रहाटाच्या दात्यांवर जी आडकाठी पडत जाते, तिचा तो आवाज. इथेही तेच. साखळी तुटलीच, तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खालची खीळ एकेका दात्यात अडकत जाते. म्हणजे आपल्याला छातीत धडकी भरवणारा जो आवाज, तोच आपल्याला राखणारा. हे मला कळले तेव्हापासून मी तो मोजत बसते.

एकदा माथ्यावर पोचली की गाडीला इंजिन नाही. पुढचे सगळे तिच्या वजनावर आणि उतारावर. चाके रुळाच्या वर असतात तशी बाजूलाही असतात आणि रुळाच्या खालीही असतात, तेव्हा गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. आणि ते उलटे वेढे नीट पाहा, गोल नसतात. अंड्यासारखे, वर निमुळते असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत अगदी गोल वेढे करून पाहिले, तर लोकांच्या माना धरल्या. १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरसाठी निमुळता वेढा बसवला, तेव्हा कुठे उलटे होणे सुखाचे झाले. तरीही तळाला शरीराचे वजन क्षणभर तिप्पट-चौपट भासते. साठ किलोची बाई क्षणभर दोनशे किलोची होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शनिवार असल्यामुळे रांग तासाभराची. विरार लोकलने जाणाऱ्यांना रांगेचे काय हो! आम्ही गप्पा मारत उभ्या होतो. धाकटीही आमच्याबरोबर रांगेत होती, पण बोलत नव्हती. पुढे सूचनांचा फलक लागतो. हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचे दुखणे, नुकतेच झालेले ऑपरेशन, गरोदरपण, अशांनी बसू नये. हा फलक आम्ही कधी वाचत नाही, पाठच आहे. धाकटी तिथे थांबून वाचू लागली. मग म्हणाली, "मी नाही बसत. मी पर्सा सांभाळते."

पर्सा सांभाळते! हे शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात ते गोराईचे बाक उभे राहिले. मनात म्हटले, एकतीस वर्षांची पोर, आम्हा सगळ्यांना हिनेच वर चढवले, आणि आता ही बाकावर बसणार? मी तिचा हात धरला. "काही नाही हं! चल मुकाट्याने. घाबरलीस की काय? आम्ही म्हाताऱ्या बसतो आणि तू?" मग बाकीच्यांनाही चेव आला. "नखरे करू नकोस." "पैसे भरलेत ना?" तिची थोरली जाऊ म्हणाली, "घरी सांगेन हं, आमची वाघीण मांजर झाली म्हणून." सगळ्या हसल्या. धाकटीही हसली आणि एक पाऊल पुढे आली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून काकूंनी हाक मारली. "अगं, तिला इकडे पाठव. मला एकटीला चक्कर आल्यासारखं होतंय. कुणीतरी हवं जवळ." काकूंचे हृदय म्हटल्यावर कोण काय बोलणार? धाकटी गेली. आम्ही आठांच्या सात झालो. थोडा विरस झाला, हेही कबूल करते.

बसले ते पहिल्या ओळीत. टक-टक मोजली. माथ्यावर सह्याद्रीची रांग दिसली, एक क्षण सगळे शांत झाले आणि मग जे काही झाले ते सांगायला शब्द नाहीत. एवढेच सांगते की पोट जागच्या जागी राहिले आणि मी खाली गेले. मी किंचाळले ते चक्क "अहोऽऽ" म्हणून! तीस वर्षांची सवय. बाजूला बसलेली अजून चिडवते. उतरलो तेव्हा पाय लटपटत होते आणि हसू आवरत नव्हते. दुपारी पुन्हा रांग लावली.

काकू आणि धाकटी झाडाखाली बसल्या होत्या. काकूंची चक्कर अगदी बरी झालेली दिसली. रात्री खोपोलीत राहिलो, रविवारी पाली करून संध्याकाळी घरी.

यानंतर तीन महिन्यांनी धाकटी माझ्याकडे पेढे घेऊन आली. पाचवा महिना लागला होता. बसली, पाणी प्याली आणि मग हळूहळू बोलली. त्या सहलीच्या आठच दिवस आधी तिला समजले होते. फक्त नवऱ्याला ठाऊक. कारण दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेस तिने दुसऱ्याच महिन्यात आनंदाने सगळ्यांना सांगितले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते गेले. मग येणारी-जाणारी, 'काय उचललं होतंस?' 'कुठे गेली होतीस?' तेव्हा यंदा तिने ठरवले, तीन महिने पार पडल्याखेरीज घरात कुणाला सांगायचे नाही. सहलीला नाही म्हणावे, तर जावेच्या मनात शंका येणार. डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, गाडीने सावकाश जा, पाळण्यात मात्र अजिबात नाही.

"मग तू सरळ मला तरी सांगायचंस," मी म्हटले.

"कसं सांगणार मावशी? थोरल्या वहिनी शेजारी उभ्या होत्या." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तुम्ही आणखी एकदा म्हणाला असतात ना, तर मी बसले असते."

मला काय बोलावे ते सुचेना. ती गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. त्या धक्क्यांनी काही झालेच असते असे नाही. पुष्कळदा काही होत नाही. पण एकदम बसणारे हिसके आणि वर सांगितले ते तिप्पट वजन, यांनी वार सुटण्याची भीती असते, म्हणून कुठलाही डॉक्टर गरोदर बाईला या पाळण्यांत बसू देत नाही. आणि समजा, दुसऱ्याच कारणाने काही झाले असते, तरी तिने आयुष्यभर काय मानले असते? मी काय मानले असते? मी तिचे भले करायला निघाले होते. माझ्या बाकाचा राग मी तिच्यावर काढत होते.

काकूंना विचारले, तुम्हाला कसे कळले? त्या म्हणाल्या, "चहाचा वास. मला काही खात्री नव्हती बरं. पण पोरीला नाही म्हणायला कारण लागत होतं, ते दिलं."

तेव्हापासून आमच्या भिशीत एक गोष्ट ठरली आहे. कुणी 'मी पर्सा सांभाळते' म्हटले, की पर्स तिच्या हातात द्यायची. का, असे विचारायचे नाही. मग तिला दिवस गेलेले असोत, पाळी आलेली असो, कर्जाची काळजी असो, नाहीतर नुसती भीती वाटत असो. तिथे भाड्याने लॉकर मिळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आम्ही घेत नाही. पर्सा सांभाळायला माणूस लागते, एवढी सोय राहू दे.

आता नालासोपाऱ्याच्या बाई, तुमचे उत्तर. त्रेचाळीस हे काही पाळण्यात न बसण्याचे वय नव्हे. मात्र जाण्यापूर्वी रक्तदाब तपासून घ्या. गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती प्रवासाच्या गडबडीत चुकवू नका आणि बसण्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच जा. मान धरत असेल, स्पॉन्डिलायटिस असेल, तर मोठ्या पाळण्याचा मोह सोडा. पाळी चुकली असेल आणि अजून तपासले नसेल, तर आधी तपासा. चाळिशीत पाळी मागेपुढे होतेच म्हणून बायका गृहीत धरतात, तसे धरू नका.

साडी नको. पंजाबी ड्रेस किंवा पँट, ओढणी घरी ठेवा. पाठीमागे पट्टा असलेले सँडल. केसांना मोठा चिमटा लावू नका. डोके मागे टेकले की तो टोचतो, रबराने खाली वेणी बांधा. मंगळसूत्र लांब असेल तर गळ्याशी आत सरकवा, त्यावर दांडा येतो. चष्म्याला दोरी लावा. कवळी असेल तर, हसू नका, काढून रुमालात. दोन-तीन बाळंतपणे झालेल्यांनी रांगेत लागण्यापूर्वी बाथरूमला जाऊन यावे. वर ओरडताना आणि हसताना आपल्या हातात फारसे काही राहत नाही.

अगदी उपाशीपोटी बसू नका आणि वडापाव हाणूनही बसू नका. दोन तास आधी इडली किंवा पोहे. पर्समध्ये आलेपाक ठेवा. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दुपारच्या जेवणाचे पैसे हिशेबात आधीच धरा, नाहीतर तिथे दर पाहून तोंडाची चव जाते. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जा.

आणि पहिल्यांदाच बसणार असाल तर मधल्या ओळीत बसा. पहिल्या ओळीत सगळे समोर दिसते, शेवटचा डबा माथ्यावरून जास्त जोराने खेचला जातो. डोके मागे घट्ट टेकवा, डोळे उघडे ठेवा, लांब पाहा. मिटले की उलट जास्त मळमळते. रांगेत शेवटच्या पावलावर नको वाटले, तर तिथून बाहेर पडायची वाट असते. तिथल्या माणसाला सांगा, तो रोज दहा जणांना सोडतो.

यजमानांची चादर बरोबर नेऊ नका. त्यांनाच न्या. आमच्या ह्यांना मी पुढच्या खेपेस नेणार आहे. धाकटीचे बाळ आता चालायला लागले आहे आणि थोरली जाऊ त्याला दिवसभर ठेवून घेणार आहे. पहिल्या ओळीतली जागा तिची, असे ठरले आहे. काकू म्हणतात, तिच्या शेजारी तू बस. पण त्या दिवशी पर्सा माझ्याकडे आहेत.